हेलेजच्या छोट्या गाठी बांधून देणारी सेवा: यंत्र उत्तम, गुंडाळणी बेताची

इंदूरहून सांवेरकडे जाणाऱ्या पट्ट्यात हिवाळ्यात बरसीम (द्विदल हिरवा चारा) आणि जई (ओट्स) भरपूर असते. मात्र एप्रिल उजाडला की त्याच गोठ्यांत गव्हाच्या भुशाखेरीज दावणीत घालायला फारसे काही उरत नाही. हा जादा हिरवा चारा टिकवण्यासाठी आमच्या छोट्या डेअरीने यंदा इंदूरच्याच एका भाड्याच्या सेवेकडून हेलेजच्या गाठी बांधून घेतल्या. मक्याचा मुरघास, म्हणजे हिरवी कुट्टी हवाबंद करून आंबवलेला चारा, आता आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचा आहे. हेलेज म्हणजे कापलेला चारा शेतातच अर्धवट सुकवून, ओलावा साधारण 40 ते 55 टक्क्यांवर आल्यावर हवाबंद केलेला चारा. मुरघासाइतका ओला नाही आणि गवताच्या गंजीइतका कोरडाही नाही.

यंत्राबद्दल तक्रारीला जागा नाही. ट्रॅक्टरमागे चालणारा छोटा गोल बेलर ओळीतला चारा उचलतो, सुमारे 50 सेंटिमीटर व्यासाची आणि 70 सेंटिमीटर लांबीची गाठ वळतो, तिच्यावर जाळी चढवतो आणि मागे सोडून देतो. चालक तरुण असला तरी सरावलेला होता. ओळ विरळ झाली की तो ट्रॅक्टर किंचित डावी-उजवीकडे नागमोडी चालवत असे, त्यामुळे गाठ मध्ये फुगून कडांना सैल राहिली नाही. बरसीमची पाने लवकर वाळतात आणि पोकळ, रसरशीत देठ मागे राहतात. पूर्ण वाळेपर्यंत थांबले तर पानांचा चुरा होऊन प्रथिनांचा मोठा वाटा मातीत जातो. हेलेजचा खरा फायदा येथेच आहे, आणि या बेलरने पाने बऱ्यापैकी शाबूत ठेवली.

ओलावा मोजण्याची जबाबदारी मात्र सेवा घेत नाही. चालक मूठभर चारा पिळून अंदाज सांगतो, आणि मक्याची सवय असल्यामुळे तो अंदाज ओल्याकडे झुकतो. आम्ही 100 ग्रॅम चारा मायक्रोवेव्हमध्ये, शेजारी पाण्याचा पेला ठेवून, वजन स्थिर होईपर्यंत थोडा थोडा वाळवला. मागे जितके ग्रॅम उरतात तितके टक्के कोरडा भाग. घरातल्या मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतात हे खरे, पण बरसीमच्या बाबतीत ही खातरजमा टाळू नये. त्यात साखर कमी आणि प्रथिने जास्त असल्यामुळे आम्लता सावकाश वाढते. गाठ ओली राहिली तर खवट लोण्यासारखा वास सुटतो आणि जनावर तोंड फिरवते. साखर जास्त असलेली जई या बाबतीत बरीच समजूतदार आहे.

खरा वाद गुंडाळणीवरून झाला. रॅपरवर, म्हणजे गाठ गुंडाळणाऱ्या यंत्रावर, 25 मायक्रॉनची प्लास्टिक फिल्म ताणून चढवली जाते आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा बसतो, म्हणजे गाठीची एक पूर्ण फेरी झाली की दोन पदर होतात. आम्ही तीन फेऱ्या, म्हणजे सहा पदर मागितले. चालकाचे उत्तर होते, “काका, मक्याला आम्ही चारच पदर देतो, कधी कोणाची ओरड नाही आली.” मक्याच्या बाबतीत त्याचे म्हणणे चुकीचे नाही. त्या ओल्या, बारीक कुट्टीत आम्ल लवकर आणि भरपूर तयार होते, आणि ते आम्लच चाऱ्याचे रक्षण करते. हेलेजमध्ये आंबण्याची क्रिया मंद असते, त्यामुळे चारा टिकतो तो मुख्यतः हवा आत न गेल्यामुळे. शिवाय सुकलेले ताठ देठ पातळ फिल्मला आतून टोचतात. छोट्या गाठीत वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून बुरशीचा एक पातळ थर आला तरी वाया जाणारा हिस्सा मोठा असतो. अखेर जादा पैसे मोजून बहुतेक गाठींना सहा पदर मिळाले, थोड्या चारवरच राहिल्या.

दीड-दोन महिन्यांनी गाठी फोडल्या तेव्हा फरक उघड दिसला. सहा पदरांच्या जईचा रंग पोपटी-पिवळसर होता, वास सौम्य आंबूस होता, आणि गायींनी दावण चाटून पुसली. चार पदरांच्या काही गाठींत, नेमक्या देठ टोचलेल्या जागी, पांढरी बुरशी धरली होती. असा चारा थोडा काढून उरलेला देण्याचा मोह आवरावा, विशेषतः गाभण जनावरांच्या बाबतीत.

छोट्या आकाराची सोय मात्र निर्विवाद आहे. साधारण 40 किलोंची गाठ दोन माणसे सहज हलवतात, आणि मे महिन्याच्या उन्हात उघडलेला चारा गरम होऊ लागण्याआधीच ती संपते. गाठी सपाट बाजूवर उभ्या ठेवाव्यात, कारण तेथे फिल्मचे पदर सर्वांत जाड असतात. फिल्म पांढरी मागावी. उंदीर आणि कावळे यांचा बंदोबस्त ज्याने त्याने करावा.

सेवेच्या दोन गोष्टी खटकल्या. 2017 पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरातली ही मंडळी वापरलेली फिल्म परत नेत नाहीत. ती साठवून भंगारवाल्याची मनधरणी आपणच करायची. दुसरी गोष्ट दराची. आकारणी गाठीमागे असल्यामुळे दाब कमी ठेवून गाठींची संख्या वाढवण्याकडे साहजिकच कल राहतो. सुरुवातीच्या गाठी काट्यावर ठेवल्यावर हलक्या भरल्या. तसे दाखवताच चालकाने कुरकुर न करता दाब वाढवला. पुढच्या फेब्रुवारीत आम्ही याच सेवेला बोलावणार आहोत, मात्र गाठीचे किमान वजन आणि सहा पदर या दोन्ही अटी आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच कागदावर घेऊ.