कॅमेरे आठ, रात्री चालायचे पाच

गोदामाचं कुलूप तुटलेलं दिसलं तेव्हा धक्का बसला, पण धीरही होता. आठ कॅमेरे आहेत, कोण आलं ते दिसेलच, असं मी भावाला म्हणालोसुद्धा. रेकॉर्डर लावला. मागच्या दाराकडचे तिन्ही कॅमेरे संध्याकाळी सातच्या सुमारास बंद पडले होते आणि उजाडल्यावर आपोआप सुरू झाले होते. आधीच्या तारखा उघडल्या. रोज तेच. अंधार पडला की तीन कॅमेरे जायचे, सकाळी परत यायचे. आम्ही मात्र दिवसा मोबाइलवर आठही चित्रं बघून निर्धास्त होतो.

पुढच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात माणूस दिसतो. अंगकाठी दिसते, चाल दिसते, चेहऱ्याच्या जागी पांढुरका डाग. पोलिसांनी फुटेज दोनदा चालवून बघितलं आणि यावरून ओळख पटणार नाही, असं स्पष्ट सांगितलं.

कॅमेरे बसवणाऱ्याला फोन केला. "साहेब, तुमच्याकडे व्होल्टेज कमी येत असेल," म्हणाला. नंतर फोन उचलणंच बंद केलं. शेवटी दुसरा जाणकार तंत्रज्ञ बोलावला. त्याने दिवसभर बसून एकेक वस्तू उघडली. जे निघालं ते इथे लिहितोय, कारण आमच्यासारखे वरची पांढरी खोकी बघून पैसे देणारे पुष्कळ असतील.

सुरुवात केबलपासून. वर 'कॅट ६' (नेटवर्क केबलची एक ठरलेली प्रत) छापलेलं. त्याने टोक सोललं, आतली एक तार बोटावर टेकवली आणि ब्लेडने हलकेच खरवडली. तांब्याचा रंग सालीसारखा निघून आला आणि खाली पांढरं ॲल्युमिनियम. याला बाजारात सीसीए म्हणतात, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या साधारण १.६ पट. कॅट ६ ला मुळात शुद्ध तांब्याचीच तार लागते, त्यामुळे ते छापणंच खोटं. आपले आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारे कॅमेरे वीजही याच केबलमधून घेतात. मागच्या दारापर्यंतची केबल जवळजवळ ८० मीटर होती; तेवढ्या अंतरात वाटेतच वीज गळत होती. केबलचं खोकं उचलून बघितलं असतं तरी शंका आली असती. तांब्याची घनता ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त, म्हणून खऱ्या केबलचं खोकं हाताला चांगलंच जड लागतं.

पण कॅमेरे रात्रीच का जायचे? याचं उत्तर स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथे येऊन जोडतात त्या डबीत होतं. दिवसा आमचा एक कॅमेरा पाचेक वॉट घ्यायचा. अंधारात त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की नऊच्या वर. आठांचे झाले ७२ वॉटच्या वर. स्विचवर 'आठ पोर्ट, पीओई' (पीओई म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देणं) असं ठळक लिहिलेलं, आणि खालच्या बाजूला बारीक अक्षरांत एकूण क्षमता: ६० वॉट. पीओईच्या ८०२.३एएफ या मानकात एका पोर्टला १५.४ वॉटपर्यंत देता येतात, पण एका पोर्टला देता येतात म्हणजे आठही पोर्टना एकदम देता येतात असं नाही. भार वाढला की स्विच शेवटचे पोर्ट तोडायचा, आणि त्याच पोर्टवर मागचं दार होतं. स्विच घेताना पोर्ट मोजून थांबू नका. सगळ्या पोर्टना मिळून किती वॉट, ते विचारा, आणि बेरीज कॅमेऱ्याच्या रात्रीच्या आकड्यावरून करा.

आता तो चेहऱ्याचा डाग. कॅमेरे ५ मेगापिक्सेलचे म्हणून विकले होते. आतला सेन्सर २ मेगापिक्सेलचा निघाला. कॅमेरा तेच चित्र ताणून मोठं करून पाठवत होता. फाइल मोठी, तपशील तेवढाच. पण इथे आणखी एक गोष्ट आहे जी मला कुणी सांगितली नव्हती. अनोळखी माणूस ओळखता यावा यासाठी आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल धरले आहेत. आमच्या चौकटीत फाटकाजवळ १५ मीटर रुंदी मावत होती. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल; १९२० भागिले १५, म्हणजे १२८. खरा ५ मेगापिक्सेल असता तरी २५९२ भागिले १५, म्हणजे १७३. थोडक्यात, तिथे लांबून सगळं दाखवणारी नाही, तर फक्त फाटक धरणारी अरुंद लेन्स हवी होती. बसवणाऱ्याने मीटर पट्टी बाहेरसुद्धा काढली नव्हती.

रेकॉर्डरमधली डिस्क 'नवी' होती. तंत्रज्ञाने ती संगणकाला जोडून स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली वापराची नोंद काढली. चालू राहिल्याचे तास ३१ हजारांवर, म्हणजे आमच्याकडे येण्याआधीच ती तीन वर्षांहून जास्त फिरलेली. हा आकडा पुसूनही जुन्या डिस्क विकतात, तेव्हा अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधीपासून आहे तेही बघा. शिवाय महिनाभराचं रेकॉर्डिंग राहील, असं तोंडी सांगितलं होतं. ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो, आठ मिळून साडेतीनशेच्या आसपास. ४ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसत जाते. नंतर माल मोजला तेव्हा कळलं की तो थोडा थोडा करून आधीपासूनच जात होता. ते दिवस केव्हाच पुसले गेले होते.

सगळ्यात जास्त चीड आली ती मात्र याने: रेकॉर्डर कॅमेरे बसवणाऱ्याच्याच खात्याला जोडलेला होता. आम्हाला फक्त बघण्याची परवानगी दिलेली, ॲडमिन पासवर्ड त्याच्याकडे. आमच्या आवारात कोण येतं, कधी येतं, हे तो घरबसल्या बघू शकत होता. पासवर्ड काय होता ते नंतर कळलं, कारखान्यातून आला तोच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर अशाच न बदललेल्या पासवर्डांवरून ताब्यात घेतले होते.

त्याचं कोटेशन मी पुन्हा काढून वाचलं. 'एचडी कॅमेरा ८ नग, एनव्हीआर १, पीओई स्विच १, केबल, हार्डडिस्क'. एनव्हीआर म्हणजे रेकॉर्डर. एकाही ओळीत कंपनी नाही, मॉडेल क्रमांक नाही. तक्रार करायला गेलो तर धरायला शब्दच नव्हता.

यावेळी प्रत्येक वस्तूचा मॉडेल क्रमांक लिहून घेतला, मॉडेल ओनव्हिफच्या (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकमेकांशी जुळावेत म्हणून मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) यादीत आहे का ते स्वतः तपासलं आणि केबलचा तुकडा आधी मागवून खरवडला. ॲडमिन पासवर्ड आमच्या हाताने टाकला. काम झाल्यावर गोदामातले आणि आवारातले सगळे दिवे घालवले आणि आठही कॅमेरे रात्रभर इन्फ्रारेडवर चालवले. मी आणि भाऊ पडद्यासमोर बसून होतो. फाटकावर भाऊ स्वतः जाऊन उभा राहिला, त्याचा चेहरा ओळखू आला. पैशांचा शेवटचा हप्ता सकाळी दिला.