पीकविमा बँकेतून की सेवा केंद्रातून?

पीककर्ज घेतलेल्या भाच्याने विचारलं, "मामा, विम्याचा हप्ता बँकच कापते, मग सेवा केंद्रात रांग कशाला लावू?"

पैशात फरक नाही. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत सोयाबीन, तुरीला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड आणि कापसाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता, कुठूनही भरलास तरी. अर्जाचं शुल्क केंद्रचालकाला विमा कंपनी देते, त्यामुळे वर पैसे मागितले तर देऊ नकोस.

कष्ट बँकेत कमी. केंद्रात सातबारा, आधार, पासबुक, पेरणीचं स्वयंघोषणापत्र, सगळं घेऊन जावं लागतं.

मला काळजी वाटते ती नोंदीतल्या चुकीची. बँक कर्जाच्या कागदावरचं पीक नोंदवते. तू सोयाबीन मोडून तूर पेरलीस आणि कळवलं नाहीस, तर ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणाऱ्या सरकारी पीक नोंदणीत) तूर, विम्यात सोयाबीन. भरपाई तिथेच अडकते, आणि वर्षभराचे कष्ट एका चुकीच्या शब्दावर जातात. केंद्रात गट नंबर, क्षेत्र, पीक डोळ्यांसमोर वाचून मगच पावती घेता येते.

मुदतीचंही बघ. २०२० च्या खरिपापासून कर्जदारांना विमा ऐच्छिक आहे, पण बँकेचा नको असेल तर शेवटच्या तारखेच्या किमान ७ दिवस आधी लेखी द्यावं लागतं. गप्प राहिलास तर हप्ता कापला जातो. एकाच गटावर दोन अर्ज मात्र नकोत.

दरवर्षी तेच पीक, तेच क्षेत्र असेल तर बँक बरी. फक्त पावती मागून घे. पाऊस बघून पीक बदलणाऱ्याने, किंवा ज्याचं कर्जच नाही त्याने, केंद्रच धरावं.