रब्बी की उन्हाळी? सूर्यफुलाच्या तेलावर तापमानाचा परिणाम

बेळगाव जिल्ह्यातील अथणी, रायबाग, चिकोडी या पट्ट्यात ज्यांच्या विहिरीला उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरते, त्यांना सूर्यफूल दोन हंगामांत घेता येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेल्या रब्बी पिकाचे दाणे थंडीत भरतात, तर जानेवारीअखेर पेरलेल्या उन्हाळी पिकाचे दाणे एप्रिलच्या उन्हात. वाण तोच असला तरी घाण्यातून निघणारे तेल मात्र सारखे नसते.

ओलिक आणि लिनोलिक ही सूर्यफूल तेलातली दोन मुख्य स्निग्ध आम्ले. दाण्यात आधी ओलिक आम्ल तयार होते आणि एक विकर (एन्झाइम) त्याचे रूपांतर लिनोलिक आम्लात करते. हे विकर गारव्यात जोमाने काम करते आणि उष्णतेत मंदावते. त्यातही दुपारच्या उन्हापेक्षा रात्रीचे किमान तापमान अधिक निर्णायक ठरते. बेळगाव शहरात डिसेंबरच्या रात्री पारा सरासरी १४ अंशांच्या आसपास उतरतो, एप्रिलमध्ये तो विसाच्या आसपास राहतो. म्हणूनच साध्या वाणाच्या रब्बी तेलात लिनोलिकचे प्रमाण जास्त असते आणि उन्हाळी तेलात ओलिकचे. ओलिक अधिक असलेले तेल लवकर खवट होत नाही व तळणीत अधिक टिकते. लिनोलिक हे शरीराला स्वतः तयार करता न येणारे, आहारातूनच मिळवावे लागणारे आम्ल आहे.

एवढ्यावरून उन्हाळी पेरणीकडे वळणे मात्र मला घाईचे वाटते. उष्णतेत दाणे भरण्याचा काळ आखडतो, दाण्याचे वजन घटते आणि तेलाचा उताराही कमी पडतो. फुलोऱ्यात पारा पस्तिशीपलीकडे गेला की परागीभवन बिघडते. अशा फुलाच्या मधल्या भागातले दाणे चिमटीत धरून दाबले तर नुसते टरफल चेपते, आत गर नसतो. शिवाय पाण्याच्या पाळ्या वाढतात, तो खर्च वेगळाच. वजनावर माल विकणाऱ्याने रब्बीच धरावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

ज्याला तळणीचेच तेल हवे आहे, त्याने हंगामापेक्षा वाण बदलावा. सोव्हिएत संघात १९७६ साली पुढे आलेल्या ‘पर्व्हेनेट्स’ या वाणापासून उच्च-ओलिक वाणांची परंपरा सुरू झाली. त्यांच्यात ओलिकचे लिनोलिकमध्ये होणारे रूपांतर मुळातच दबलेले असल्याने थंडीतही तेलातले ओलिकचे प्रमाण सहसा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर राहते. असे बियाणे घेण्यापूर्वी खरेदीदार ओलिकसाठी वेगळा भाव देतो का, हे विचारून घ्यावे. अनेक ठिकाणी अडतीवर फक्त वजन, ओलावा आणि काडीकचराच पाहिला जातो.