ॲडमिट पेशंटच्या अंगावर पुरळ उठलंय: स्किनच्या डॉक्टरांना वॉर्डात बोलवायचं, फोटो पाठवायचा, की डिस्चार्जनंतर दाखवायचं?

मी मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे. पेशंट आलेला असतो न्यूमोनिया नाहीतर फिट्स नाहीतर शुगर वाढली म्हणून, आणि मधेच अंगावर काहीतरी उठतं, मग नातेवाईक विचारतात की सिस्टर, स्किनवाल्यांना इथेच बोलवू का, की घरी गेल्यावर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवू? उगाच बिल वाढायला नको ही काळजी त्यामागे असते आणि ती खरीच आहे, म्हणून कुठला रस्ता कधी बरा ते जमेल तेवढं सविस्तर लिहितेय.

आधी एक सांगते, काही वेळा निवडायला वेळच नसतो. कातडी खाजण्यापेक्षा दुखतेय, तोंडात किंवा लघवीच्या जागी फोड आलेत, डोळे लाल होऊन चिकटतायत, अंगावर पाण्याचे फोड आहेत किंवा चादर घासली तरी साल सुटतेय, सोबत ताप आहे, तर त्याच दिवशी, त्याच तासात डॉक्टरांना सांगा. असं औषधाच्या रिॲक्शनने होऊ शकतं, आणि ती बहुतेक वेळा नवीन गोळी सुरू झाल्यावर ४ ते २८ दिवसांत दिसते. फिट्सच्या फिनिटॉईन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल आणि सल्फाच्या गोळ्या ही त्यातली नेहमीची नावं. कातडी ३० टक्क्यांहून जास्त अंगावर सुटली तर तो जिवावरचा प्रकार असतो, तिथे आयसीयू, स्किन आणि डोळ्यांचे डॉक्टर तिन्ही एका छताखाली लागतात, आणि हॉस्पिटलात ते नसतील तर पेशंट हलवायचं डॉक्टरांशी लगेच बोला. पण फिट्सची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ती थांबवून दुसरी द्यावी लागते आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता बाकीच्या पेशंटचं बघू.

वॉर्डात व्हिजिट म्हणजे ज्यांच्याखाली पेशंट ॲडमिट आहे ते केसपेपरवर रेफरन्स लिहितात, मग स्किनचे डॉक्टर येऊन बघून जातात. प्रायव्हेटमध्ये ते बहुतेक व्हिजिटिंग असतात, स्वतःची ओपीडी संपवून संध्याकाळी येतात, त्यामुळे सकाळच्या राउंडलाच विषय काढला तर त्या दिवशी काम होतं, दुपारी चारला आठवण झाली तर दुसऱ्या दिवसावर जातं. फी बऱ्याच ठिकाणी रूमप्रमाणे बदलते, जनरल वॉर्डात कमी, सिंगल रूमला जास्त, ती आधी बिलिंगला विचारून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मेडिक्लेम असेल तर ॲडमिट असतानाची व्हिजिट साधारणपणे हॉस्पिटलच्या बिलातच धरली जाते, नुसत्या ओपीडीचे पैसे मात्र बऱ्याच पॉलिसीत मिळत नाहीत. म्हणजे नंतर दाखवू, स्वस्त पडेल, हा हिशोब दरवेळी बरोबर येतोच असं नाही.

आणि या व्हिजिटमध्ये जे होतं ते दुसऱ्या कशात होत नाही. डॉक्टर लाल डाग बोटाने दाबून बघतात की लाली जाते का तशीच राहते (जात नसेल तर कातडीखाली रक्त उतरलेलं असू शकतं), तोंड उघडून, नखं, डोक्याची कातडी, बोटांच्या बेचक्या, पाठ, सगळं बघतात, आणि पाठ तर झोपून असलेल्या पेशंटची घरच्यांनीसुद्धा पाहिलेली नसते. फंगस वाटलं तर कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघता येते, गरज पडली तर तीन-चार मिलिमीटरची पंच बायोप्सी, म्हणजे तपासायला कातडीचा छोटा तुकडा, तिथेच पलंगावर जागा बधिर करून घेता येते. पेम्फिगससारखा फोडांचा आजार असेल तर बायोप्सीशिवाय पक्कं निदान होत नाही.

पायाच्या लालीचं सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं. पाय लाल, सुजलेला, गरम दिसला की सेल्युलायटिस, म्हणजे कातडीच्या आतलं इन्फेक्शन, म्हणून सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू होतं. बोस्टनच्या एका हॉस्पिटलातल्या २५९ पेशंटचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला, त्यात पायाच्या सेल्युलायटिसचं निदान झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांना तो नव्हताच. दोन्ही पाय सारखेच लाल असतील तर सेल्युलायटिस क्वचित असतो, बऱ्याचदा शिरांमध्ये रक्त साचून झालेला एक्झिमा निघतो आणि त्याला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, पाय उंच ठेवणं, पट्टी आणि योग्य मलम लागतं. अशा पेशंटला स्किनच्या एका व्हिजिटने महागडी इंजेक्शनं वाचू शकतात, म्हणून तिथे मी नातेवाइकांना सरळ सांगते, रेफरन्स मागा.

फोटो किंवा व्हिडिओ कॉल. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची केंद्राची गाइडलाइन आली, तेव्हापासून यात नियमांची अडचण राहिलेली नाही. तालुक्याच्या ठिकाणी, जिथे स्किन स्पेशालिस्ट आठवड्यातून एकदाच येतो किंवा येतच नाही, तिथे हा फार मोठा आधार आहे, सरकारी ई-संजीवनीवर फुकट सल्लाही मिळतो. पण माझं मत असं की ॲडमिट पेशंटसाठी फोटो तुम्ही परस्पर ओळखीच्या डॉक्टरांना पाठवण्यापेक्षा वॉर्डातल्या डॉक्टरांनी स्किनच्या डॉक्टरांना पाठवलेला बरा, कारण पेशंटला कुठली औषधं चालू आहेत, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) किती, लिव्हर कशी, हे फोटोत दिसत नाही आणि त्याशिवाय दिलेला सल्ला अर्धवटच राहतो.

फोटोची दुसरी अडचण आपल्या सावळ्या कातडीची. लाली आपल्याकडे तपकिरी किंवा जांभळट दिसते आणि ट्यूबलाइटमधल्या फोटोत तर ती गायबच होते. त्यामुळे दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश न लावता फोटो काढा, एक लांबून, एक जवळून, शेजारी पेन ठेवून म्हणजे आकार कळतो, आणि गरम लागतंय का, दुखतंय का, हाताला खरखरीत लागतंय का, हे शब्दांत लिहाच. एकदा प्रत्यक्ष बघून झालं की पुढच्या दिवसांची प्रगती कळवायला फोटो उत्तम, दुसऱ्या व्हिजिटची फी वाचते.

डिस्चार्जनंतर ओपीडीत दाखवायला जुनी दाद, आधीपासूनचा आणि न वाढलेला सोरायसिस, वांग, पिंपल्स, जुने काळे डाग हे सगळं चालतं. मोठा ताप, डेंगू, टायफॉइड किंवा ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी केस भरभर गळतात तेही ओपीडीचंच काम आहे. एकच लक्षात ठेवा, औषधाची एक रिॲक्शन गोळी सुरू झाल्यापासून दोन ते आठ आठवड्यांनी येते, म्हणजे पेशंट तोवर घरी गेलेला असतो. ताप, तोंडावर सूज, गाठी आणि अंगभर रॅश अशी आली तर क्लिनिकच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, हॉस्पिटलात या.

खरूजही थांबण्यातली नाही. रात्री खाज वाढतेय, बोटांच्या बेचक्यात, कमरेला, बेंबीजवळ बारीक फोड आहेत, आणि पेशंटजवळ झोपणाऱ्यालाही खाज सुटलीय, तर लगेच सांगा, नाहीतर शेजारच्या पलंगांपर्यंत आणि पेशंट उचलणाऱ्या मावशींपर्यंत ती पोचते. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावावं लागतं. नागिणीचंही तसंच, गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त फायदा होतो, आणि कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर डोळ्यांचे डॉक्टरसुद्धा हवेत.

आणि स्किनचे डॉक्टर लागतच नाहीत असंही बरंच असतं. झोपून झोपून पाठीवर आलेलं घामोळं, चिकटपट्टीची ॲलर्जी, म्हाताऱ्या माणसाची कोरडी कातडी, हे वॉर्डातच निभतं. बेडसोअरला तर स्पेशालिस्टच्या आधी दर दोन तासांनी कूस बदलणं आणि एअर बेड हवा, खोल असेल तर सर्जन.

पण रेफरन्स होईपर्यंत मेडिकलमधून ते तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम आणून लावू नका, अगदी शेजाऱ्यांना गुण आला असला तरी. त्यात बऱ्याचदा क्लोबेटासॉलसारखं तगडं स्टेरॉइड असतं. दाद असेल तर वरून लाली कमी होते आणि आतून ती पसरते, मग स्पेशालिस्ट येतात तेव्हा दादेचं मूळ रूपच बदललेलं असतं. २०१८ मध्ये असली बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली, तरी काउंटरवर अजून मिळतात.

सरकारी की प्रायव्हेट, हाही प्रश्न येतो. केईएम, सायन, नायर, ससून अशा मेडिकल कॉलेजांत स्किनचा विभागच असतो, रेसिडेंट डॉक्टर असतात, बायोप्सी वाचणारेही तिथेच, खर्च अगदी कमी, गर्दी मात्र सहन करावी लागते. गुंतागुंतीच्या, निदान होत नसलेल्या पेशंटला मी तिकडेच न्या म्हणेन. छोट्या नर्सिंग होममध्ये कोण येतंय त्यांची डिग्री विचारा, एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल असावी, नुसता कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स केलेल्यांकडून वॉर्डातली रॅश बघून घेऊ नका.

व्हिजिट ठरली की सगळ्या औषधांची यादी सुरू केल्याच्या तारखांसह तयार ठेवा, त्यात घरून आणलेल्या आयुर्वेदिक आणि दुखण्याच्या गोळ्याही लिहा, त्या नातेवाईक हमखास विसरतात. आणि औषधाची रिॲक्शन निघाली तर डॉक्टर जायच्या आधी विचारा, कुठलं औषध पेशंटला पुन्हा कधीच द्यायचं नाही. ते डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या, ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं, कारण तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या पाकिटातून परत येते.