धड सावरण्यासाठी: रोबोटिक पट्टा की इंदूरमधलीच थेरपी?

मूल आधाराशिवाय बसत नाही, खेळण्याकडे हात नेला की कलंडतं. मग ‘मुंबईला रोबोटिक थेरपी करून आणू का?’ असं सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लवकर झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल बिघडणं) असलेल्या मुलांचे इंदूरमधले आईवडील विचारतात. तिकीट काढण्याआधी यंत्र कोणतं ते विचारा. लोकोमॅट चालण्यासाठी आहे, आर्मिओ हातासाठी. धड सावरायला शिकवणारं यंत्र वेगळं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सुनील अगरवाल यांच्या प्रयोगशाळेनं असं यंत्र बनवलंय. मूल बाकावर बसतं, धडाला पट्टा, पट्ट्याला मोटारीवर चालणाऱ्या तारा. तोल गेला की तारा ओढून सावरतात, नाहीतर मूल मोकळं. जमायला लागलं की मोकळ्या हालचालीची हद्द वाढवतात. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की मुलाला चुकायला वाव मिळतो. आपले हात भीतीपोटी लवकर धरतात, शिवाय थकतातही. पण २०२० साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात चारच मुलं होती, ६ ते १४ वर्षांची, हेही लक्षात ठेवा.

इंदूरमधल्या चांगल्या फिजिओकडे तारा नाहीत, तत्त्व तेच. धडावरचा ताबा वरून खाली येतो: मान, छाती, कंबर. ताबा जिथे सुटतो त्याच्या जरा खाली आधार द्यायचा आणि वरचं काम मुलाकडून करून घ्यायचं. घरी आजी शेवेची वाटी थोडी लांब, थोडी बाजूला ठेवू शकते. हा सराव रोज होतो, यंत्राचा होत नाही. मात्र मूल नुसतं पडून आहे आणि थेरपिस्ट हातपाय ताणतोय, एवढंच चालत असेल तर जागा बदला. अभ्यासांचा कौल मुलानं स्वतः केलेल्या, ठरावीक कामाच्या सरावाला आहे.

खर्चाचं थोडक्यात: सरकारी डीईआयसीत (मुलांसाठीचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र) थेरपी मोफत, आणि अपंगांसाठीच्या सरकारी ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण, त्यात थेरपीही येते.

मान अजून धरत नसेल तर यंत्राचा विचार आत्ता नको. नीट बसवणारी खुर्ची आणि खुब्याचा एक्स-रे आधी. मूल सहा वर्षांपुढचं, सांगितलेलं समजणारं, थोड्या आधारानं बसणारं असेल आणि धडासाठीचं यंत्र खरोखर मिळत असेल, तर काही आठवडे जरूर द्या. तेही इथला फिजिओ सराव पुढे चालवणार असेल तरच. पैसे भरण्याआधी केंद्राला विचारा: आधी आणि नंतर काय मोजणार, आणि परतताना घरचा सराव लिहून देणार का?